दिपालीच्या अर्जातली चटणी

पुणे,
ता. ११ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि शेंगाचटणीचा डबा दोन्ही पोचली. पत्र माझं, पण चटणीवर खोलीतल्या आरोहीने हक्क सांगितला. ती अकलूजची, उसाच्या मुलखातली. सोलापूरच्या लोकांनी तिखट करावं आणि आम्ही ते खावं, असा जुना करार असल्याचं ती शपथेवर सांगते. पुढच्या वेळी दोन डबे पाठव, म्हणजे भांडण नको.

आता बातमी. फोनवर सांगता आली असती, पण महत्त्वाचं असेल ते कागदावर, ही आपल्या घरची रीत. मी होस्टेलवर आले तेव्हा बाबांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून ही पत्रं सुरू झाली. ते जाऊन दोन वर्षं होत आली, तरी काही सांगायचं झालं की माझा हात कागदाकडेच जातो.

मी एका फेलोशिपला अर्ज करते आहे. मानवी हक्कांवर काम करणारी परदेशातली एक संस्था दरवर्षी वेगवेगळ्या देशांतले काही विद्यार्थी निवडते आणि वर्षभर दुसऱ्या देशातल्या एखाद्या संघटनेत कामाला पाठवते. माझी निवड झाली तर मी कंबोडियात, नॉम पेन्ह शहरात जाईन. तिथं कपडे शिवायचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांतल्या बायकांच्या आरोग्यासाठी झटणारी एक संघटना आहे.

मला वाटलं होतं गुण विचारतील, इंग्रजी विचारतील. विचारतात, पण शेवटच्या पानावर. आधी विचारतात की तू कुणाच्या हक्कासाठी काय केलंस. त्या लोकांनी तुला बोलावलं होतं, की तू आपणहून गेलीस? तुझ्याआधी तिथं कोण काम करत होतं? काय चुकलं, आणि चुकल्यावर काय केलंस? परत येऊन कुठं काम करणार? आणि एक प्रश्न असा, की तू लोकांचं ऐकतेस कसं? तो अजून कोराच आहे.

काम म्हणून मी आपल्या एमआयडीसीत घेतलेल्या कान-तपासणीबद्दल लिहिते आहे. पण सुरुवातीला स्वतःविषयी निबंध आहे. त्यात मी बाबांचा अपघात लिहिला. मागांच्या आवाजाने त्यांचे कान कसे गेले, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न सायकलवर त्यांना कसा ऐकू आला नाही, अपघात रस्त्यावर झाला म्हणून कारखान्याने हात कसे वर केले, आणि तू एकटी कशी उरलीस. आमच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या की हे वाचून कुणाचेही डोळे कोरडे राहणार नाहीत.

पण त्यात तूही आहेस, म्हणून पाठवायच्या आधी विचारते. पाठवू का?

तब्येतीला जप. लोभ आहेच, त्याला चटणीची जोड असू दे.

तुझी,
दिपाली


सोलापूर, नीलम नगर,
ता. १८ ऑगस्ट २०२४

चि. दिपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. शिलाई खात्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घरी येऊन पुन्हा वाचलं. कंबोडिया कुठं आहे ते वाचनालयातल्या बिभीषणदादांनी नकाशावर दाखवलं. समुद्राच्या पलीकडे असूनही भात खाणारी माणसं आहेत म्हणाले. मग माझी अर्धी काळजी मिटली. तिथल्या बायका काय शिवतात ते विचारून कळव. मी इथं टॉवेलच्या किनारी शिवते, त्या तिथं शर्ट शिवत असतील. सुई टोचली की ओय सगळ्या सारखंच म्हणत असतील.

त्या लोकांचे प्रश्न मला आवडले. आपल्याकडे मुलगी बघायला येतात ते स्वयंपाक येतो का आणि उंची किती एवढंच विचारून निघतात. चुकल्यावर काय केलंस हे अजून एकानेही विचारलेलं मी ऐकलं नाही. हा प्रश्न विचारणारं स्थळ आलं तर मला लगेच कळव.

आता तुझ्या प्रश्नाचं. नको पाठवू.

राग मानू नकोस, कारण सांगते. तुझे बाबा गेले त्या आठवड्यात पेपरातला एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता. त्याने मला त्यांचा फोटो हातात धरून दारात उभं केलं, पदर नीट घे म्हणाला, जरा खाली बघ म्हणाला. मी उभी राहिले, कारण तेव्हा मला कुणीही काहीही सांगितलं असतं तर मी केलं असतं. नंतर पेपरात छापून आलं ते बघितलं तर त्यात मी ओळखू येत नव्हते. कुणीतरी गरीब बाई होती. तुझे बाबा तर त्यात नव्हतेच, नुसता त्यांचा अपघात होता.

ते गेले हे आपलं दुःख आहे, दिपाली. ते रोज आहे. भाकरी थापताना आहे, सायकल बघितली की आहे. पण ते दुःख म्हणजे तुझी लायकी नाही. तू काय केलंस ते त्यांनी विचारलंय. आपल्यावर काय झालं ते कुठं विचारलंय?

आणि बाबांबद्दल लिहायचंच असेल तर ऐकण्याच्या प्रश्नाखाली लिही. आपल्या घरात लाईट गेली की काय व्हायचं, आठव. सगळ्यांचं बोलणं बंद. तू लहान असताना मोठ्या तोऱ्यात सांगायचीस की आधी दिवा आणा, मग भांडा. कारण बाबा ओठ बघून ऐकायचे. उजेड हवा, समोर बसायला हवं, तोंड त्यांच्याकडे हवं, घाई नको. पाठमोरं बोललेलं आपल्या घरात धरतच नव्हते. हे कुणाच्या डोळ्यांत पाणी आणणारं नाही, पण खरं आहे आणि तुझं आहे.

चटणी दोन डबे पाठवते. अकलूजकरीणबाईंना सांग, करार मान्य, पण बदल्यात साखर लागेल.

माया आहे तशीच आहे, तुझ्याकडूनही कमी पडू देऊ नकोस.

तुझी आई,
मायाक्का


पुणे,
ता. २५ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पहिले दोन दिवस मी रागावले होते, हे मान्य करून टाकते. तिसऱ्या दिवशी निबंध पुन्हा काढला आणि वाचला. तू म्हणतेस तसंच होतं. त्यात बाबा कुठंच नव्हते. मी तो काढून टाकला आणि लाईट गेल्यावरचं लिहिलं. लिहिताना हसू आलं, कारण तो शिवूमामा आठवला, जो अंधारातही तासभर बोलत राहिला होता आणि दिवा आल्यावर बाबांनी त्याला नम्रपणे विचारलं होतं की कधी आलास.

पण आता दुसरी अडचण आहे. शिफारस दोघांची लागते. एक प्राध्यापकांची, ती झाली. दुसरी, ज्या लोकांसोबत काम केलं त्यांच्यातल्या कुणाची. नातेवाईक चालत नाही, म्हणजे तू बाद. पत्रच हवं असं नाही, आपल्या भाषेत फोनवर बोलून पाठवलं तरी चालतं, भाषांतर ते करून घेतात.

मी रंभाबाईंचं नाव द्यायचं म्हणते. तपासणीच्या वेळी बायकांना गोळा केलं ते त्यांनीच. पण भीती वाटते. तुला ठाऊकच आहे. पहिल्या तपासणीत मी शहाणपणा करून सगळ्यांचे निकाल नावासकट दारावर लावले, प्रत्येकाला आपापला लवकर बघता यावा म्हणून. सुपरवायझरने त्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी रंभाबाईंच्या नवऱ्याला, कुंडलिकभाऊंना, सांगितलं की ज्याला ऐकू येत नाही तो माणूस मागाजवळ नको. त्यांची हजेरी तुटली, काम गेलं, ते माझ्यामुळे. नंतर मी काय काय केलं ते केलं, ते परत कामावर लागले, पण मधले महिने त्या घराने काढले, मी नाही.

अर्जात काय चुकलं या प्रश्नाखाली मी दुसरी चूक लिहिली आहे, लहान. एकदा तारीख चुकून बायका रिकाम्या परत गेल्या होत्या, ती. ही मोठी लिहायचा धीर झाला नाही. मुदत जवळ आली आहे. तू रंभाबाईंशी बोलशील का? खोटं बोला असं मी म्हणत नाही. फक्त तेवढं सोडून बाकीचं बोला, एवढंच.

तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? उत्तराची वाट बघते, आशीर्वाद असू दे.

तुझी,
दिपाली


सोलापूर,
ता. १ सप्टेंबर २०२४

चि. दिपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रंभाबाईला मी निरोप दिला की दिपालीची शिफारस हवी आहे. ती आनंदाने हो म्हणाली. तुझा दुसरा निरोप मी दिला नाही. का नाही, ते पत्र संपेपर्यंत तुला कळेल.

तिने ते एकटीने बोलायचं नाकारलं. म्हणाली, पोरीबद्दल सगळ्यांना ठाऊक असताना मी एकटी कोण लागून गेले? मग शुक्रवारी आमचा कामगार बायकांचा गट तिच्या घरी बसतो, तिथंच ठरलं. आमच्या गटाची रीत तू बघितली आहेस. एखादीला कामावर नेमायचं असो नाहीतर निरोप द्यायचा असो, मधे ताटली ठेवायची, ताटलीत गूळ आणि शेंगाचटणी. जी बोलेल तिने आधी गुळाचा खडा तोंडात टाकून त्या बाईचं एक चांगलं सांगायचं, मग चटणी चाटून एक गाऱ्हाणं सांगायचं. गटातल्या सगळ्यांत जुन्या मुक्ताबाईने हे सुरू केलं तेव्हा ती म्हणायची की नुसत्या गुळाने तोंड चिकटतं आणि नुसत्या चटणीने डोळे वाहतात. ज्याला दोन्ही मिळालं तोच माणूस कामाचा.

रंभाबाईने ताटलीशेजारी फोन ठेवला आणि बटण दाबलं. मी नातेवाईक, म्हणून मला दारापाशी बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. ताटलीही माझ्या बाजूला फिरवली नाही.

गूळ भरपूर मिळाला तुला. मुक्ताबाईने सांगितलं की पोरगी वकिलीचं शिकते पर आमच्यासमोर मांडी घालून बसती. एकीने तेलुगूत सांगितलं, ते शेजारणीने मराठी केलं, की हिला आमची भाषा येत न्हाय पर समजंपतुर सोडत न्हाय. कानात घालायची बोंडं दोन कारखान्यांनी द्यायला सुरुवात केली, दरसाल तपासणी मालकाच्या खर्चाने होते, आणि निकाल आता ज्याचा त्याच्या हातात घडी घालून मिळतो, हेही आलं. ऐकताना माझी मान इतकी वर गेली होती की दाराच्या चौकटीला लागते की काय असं झालं.

मग चटणी. मुक्ताबाईची चटणी अशी, की पोरगी चहा अर्धा सोडून उठती. सगळ्या हसल्या. मग रंभाबाईची पाळी आली. तिने चटणी बोटावर घेतली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला असता तर ती थांबली असती, हे मला कळलं होतं. माझ्या मनात तुझं पत्र होतं. पण दिपाली, त्या घरात चूल कशी चालत होती ते मी बघितलंय. ते दिवस तिचे आहेत. ते बोलायचे की नाही हे तिने ठरवायचं, मी नाही आणि तूही नाही. मी हात मांडीवरच ठेवला.

तिने सगळं सांगितलं. दारावरचा कागद, सुपरवायझर, हजेरी. तू पुण्याहून धावत आलीस तेव्हा तिने तुला पाणीसुद्धा विचारलं नाही, हेही सांगितलं. तू उंबऱ्याबाहेर बसून राहिलीस, सुट्टी मिळेल तेव्हा येत राहिलीस, कामगार कार्यालयात तिच्यासोबत फेऱ्या मारल्यास, आणि पुढच्या तपासणीला आधी तिला विचारायला आलीस की कशी करू, तेव्हा तिने चहा दिला. तो मात्र तू पूर्ण प्यायलीस, असं ती म्हणाली.

एवढ्यात कुंडलिकभाऊ पाळी संपवून दारात आले. फोन कशाला ठेवलाय ते त्यांना समोर बसून समजावलं. पुरुषांना ताटलीचा मान नाही, तरी त्यांनी गुळाचा खडा उचलला आणि कान गेलेला माणूस बोलतो तसं घर हलवून बोलले. पोरगी चुकली, पर पळून गेली न्हाय. मला परत कामाला लावूनच पुण्याला गेली. तिला जाऊ द्या तिकडं. एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले.

रंभाबाईने ते सगळं, घर हललं त्यासकट, पाठवून दिलं.

तुला आता माझा राग येईल. येऊ दे. पण तुझ्या अर्जातही ती मोठी चूक तूच लिही. त्यांना ती रंभाबाईकडून कळावी आणि तुझ्याकडून कळू नये, हे बरं दिसणार नाही.

रागावलीस तरी पत्र टाक. आशीर्वाद रागावत नाहीत.

तुझी आई,
मायाक्का


पुणे,
ता. ६ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू तिथं होतीस आणि गप्प बसलीस. बाकी सगळ्या मुलांच्या शिफारशीत नुसता गूळ असणार आणि माझ्यात चटणी. आज याहून जास्त लिहवत नाही.

मोठी चूक अर्जात लिहिली. अर्ज गेला.

दिपाली


सोलापूर,
ता. १२ सप्टेंबर २०२४

चि. दिपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एवढंसं पत्र आलं तरी आलं. बाबा असते तर म्हणाले असते की पोरगी पाठमोरी होऊन बोलली, धरू नका.

अर्ज गेला हे कळलं. मला आणखी काही नको. चटणीचा डबा पाठवते आहे. हा खायचा आहे.

तुझी आई


पुणे,
ता. १९ जानेवारी २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून तुला सांगितलंच आहे, तरी कागदावर पुन्हा लिहिते, म्हणजे खरं वाटेल. माझी निवड झाली.

मुलाखतीचं तुला नीट सांगायचं राहिलं होतं. निकाल येईपर्यंत त्याबद्दल बोलायचा धीर नव्हता. पडद्यावर तीन माणसं होती. त्यांतल्या एक बाई कोलंबियाच्या, केस पांढरे, खाणकामगारांत आयुष्य गेलेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो कुंडलिकभाऊंचा. पण त्यांनी चूक का केलीस असं विचारलं नाही. ते आता कसे आहेत, असं विचारलं. मग विचारलं की तू त्यांची गोष्ट आम्हाला सांगते आहेस हे त्यांना ठाऊक आहे का. आई, तुझ्यामुळे मला खरं उत्तर देता आलं. मी सांगितलं की ते स्वतःच येऊन बोलून गेले आहेत. तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की हो, त्यांचा आवाज आला तेव्हा मी कानावरचे हेडफोन काढून ठेवले होते.

मग त्यांनी सांगितलं की आमच्याकडे हुशार मुलांचे अर्ज पुष्कळ येतात. ती कुठं तरी जातात, चांगलं काम करतात आणि चुकीच्या दिवशी गाडीत बसून निघून जातात. आम्हाला उंबऱ्याबाहेर बसून राहणारं माणूस हवं असतं, ते कागदावरून ओळखता येत नाही.

दुसऱ्या एका सरांनी दिव्याबद्दल विचारलं. तुझे वडील अजून तसंच ऐकतात का, असं म्हणाले. मी सांगितलं की ते गेले. कसे गेले ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला वाटतं बाबा त्या वेळी त्या खोलीत होते, अपघाताशिवाय, नुसते बाबा.

सप्टेंबरात तुला चार ओळींचं पत्र टाकलं त्याची मला लाज वाटते. तू हात मांडीवर ठेवलास म्हणून मी जाते आहे.

शेवटची परीक्षा झाली की जून महिना तुझ्याजवळ. तोवर आशीर्वाद पाठवत राहा, मी ते आरोहीला वाटून देणार नाही.

तुझी,
दिपाली


सोलापूर,
ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. दिपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पोचलीस, खोली बरी आहे, भात मिळतो, हे फोनवर कळलं. हे पत्र तुझ्यापर्यंत यायला वेळ लागेल, पण पोस्टातल्या माणसाने नॉम पेन्ह वाचून मला दोनदा विचारलं की बाई, तिकडं कोण आहे तुमचं. मी रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मुलगी आहे, कामगार बायकांच्या हक्कांचं काम करायला निवडून नेलीय. मागच्या माणसाने घाई चालवली होती, तोही थांबून ऐकत राहिला. देवाने मला एवढी शेखी मिरवल्याबद्दल माफ करावं. पुन्हा पोस्टात गेले तर पुन्हा सांगणार आहे.

वाचनालयात बिभीषणदादांनी कंबोडियाचा नकाशा बाहेरच ठेवलाय, आत कपाटात ठेवत नाहीत. म्हणतात, मायाक्का रोज मागते, रोज कोण काढणार.

आता एक देणं राहिलं आहे. तुझ्या निरोपाच्या शुक्रवारी तुझ्याबद्दलची ताटली पहिल्यांदा माझ्यापुढे आली. चटणी मी सगळ्यांसमोर दिली. या पोरीने रंभाबाईकडून नुसता गूळ वदवायला मला चोरून सांगितलं होतं, असं मी बोलून टाकलं. सगळ्या इतक्या हसल्या की शेजारची माणसं बघायला आली, आणि सगळ्यांत जास्त हसली ती रंभाबाई. पण त्याआधीचा गूळ मला देता आला नाही. खडा तोंडात होता, शब्द येईनात. मुक्ताबाईने बायकांना सांगितलं की हिचा गूळ उधार राहू द्या. तो आज फेडते.

स्टेशनवर तुला पुण्याच्या गाडीत बसवलं तेव्हा मी खिडकीशी उभी होते. आधी तू सामानाचं सांगत होतीस, औषधांचं सांगत होतीस, मी हो हो म्हणत होते. मग गाडी हलली. इंजिनाचा आवाज, भोंगा, हमालांचा ओरडा, सगळं एकदम झालं. तू काहीतरी बोललीस आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. दुसरी कुणी असती तर आणखी मोठ्याने ओरडली असती. तू ओरडली नाहीस. खिडकीच्या गजाला चेहरा लावून उजेडात आलीस, माझ्याकडे तोंड केलंस, आणि सावकाश, ओठ नीट उघडून, पुन्हा बोललीस, जसं बाबांशी बोलायचीस तसं.

मला सगळं समजलं, दिपाली.

तिथल्या बायकांशीही असंच बोल. हा माझा गूळ.

तुझी आई,
मायाक्का